आधी फुटलेला पिस्टन दाखव

बस. तिकडं बाकावर नको, इथं माझ्यासमोर बस. आणि तो मोबाइल पालथा ठेव. मोठ्या टर्बोचा फोटो आल्या आल्या दाखवलास, तो मी पाहिला. चकचकीत आहे. आता मला तुझ्या इंजिनातला तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन दाखव.

नाही? कुठं गेला? भंगारात. चारही पिस्टन, रिंगा, बिग एंडची बेअरिंगं, प्लग, हेड गॅस्केट, सगळं पोत्यात भरून किलोच्या भावानं घातलंस आणि आलेल्या पैशात मित्रांना मिसळ चारलीस. मग इंजिन कशानं गेलं ते मला सांग बघू. ‘सर, टर्बो लहान पडला.’ हे तुला कुणी सांगितलं? टर्बो विकणाऱ्यानं. त्याच्या दुकानात दुसरं काही विकायला असतं, तर त्यानं दुसरं कारण सांगितलं असतं.

गाडी बांधायचा नाद वाईट आहे असं मी म्हणणार नाही. इंजिन फुटलं म्हणूनही रागावलेलो नाही. शर्यतीच्या कामात इंजिनं फुटतात. राग याचा आहे की इंजिन उघडल्यावर तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. चार वर्षं इंजिन शॉपमध्ये काढलीस. खोललेला प्रत्येक भाग पुसून, सिलिंडरचा नंबर घालून, ओळीनं टेबलावर मांडायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ते विसरलास आणि घरी उसाचं बिल कधी जमा होतं ते मात्र बरोबर लक्षात ठेवलंस.

फुटलेला पिस्टन म्हणजे इंजिनाचा पंचनामा असतो, वाचता आला पाहिजे. माथ्यावर वाळूचा मारा बसल्यासारखे बारीक खड्डे असते आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगमधली कड तुटलेली असती, तर ते डिटोनेशन. माथ्याच्या मधोमध वितळून भोक पडलं असतं, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेत होतं. म्हणजे प्लग चुकीच्या हीट रेंजचा, किंवा काजळीचा एखादा कण आत लालबुंद होऊन राहिलेला. रिंगेची दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत असती, तर गॅप कमी. तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली, रिंग सिलिंडरच्या भिंतीला आवळून बसली आणि पिस्टनचा माथाच उचकटला. बिग एंडच्या वरच्या पाळीवरचा थर चेपलेला असता, तर पुन्हा डिटोनेशनच, कारण ज्वलनाचा ठोका पिस्टनमधून रॉडमध्ये आणि रॉडमधून थेट त्या वरच्या पाळीवर उतरतो. दोन्ही पाळ्यांवर सारखे ओरखडे असते, तर तेलाचा दाब आणि तेलातली घाण तपासायला हवी होती. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर राखाडी ठिपके असते, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम; म्हणजे इंजिन पुरतं फुटायच्या कितीतरी आधी सांगत होतं आणि तू प्लग काढून बघत नव्हतास.

ही सगळी कारणं वेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुठं फायलीनं रिंगेची टोकं घासायला दहा मिनिटं लागली असती, कुठं प्लगचा नंबर बदलून भागलं असतं, कुठं इग्निशन दोन-चार अंश मागं घ्यावं लागलं असतं. यातल्या एकाही कारणाला मोठा टर्बो हे औषध नाही. तू पुरावा विकलास आणि आता अंदाजावर हजारो रुपये घालायला निघाला आहेस.

पिस्टन गेले ते गेले. आता निदान आठवून सांग, काय काय केलं होतंस. मी विचारतो, तू हो किंवा नाही म्हण.

एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन बसवलंस. इथंपर्यंत ठीक. मूळ इंजिन १.३ लिटरचं, हे १.६ लिटरचं, दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली सख्खी भावंडं, त्यामुळं माउंट आणि गिअरबॉक्सची फार मारामारी होत नाही. आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी हेच इंजिन जिप्सीतही घातलं. निवड चांगली, पण ती तुझी नव्हे, तुझ्या आधीच्या लोकांची. म्हणून त्यावर कॉलर ताठ करू नकोस. इंजिनाची मापं तरी पाठ आहेत का? बोअर ७५ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, तोही चांगला पंधरा मिलिमीटरनं. ७००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो. आणि तू लिमिटर नेऊन ठेवलास ७५०० वर. रॉडच्या बोल्टांवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, हे तुला परीक्षेत आलं होतं आणि तू बरोबर लिहिलंही होतंस. रॉडचे बोल्ट नवे घातलेस? नाही. कुठल्या तरी अपघातातल्या गाडीतून काढलेल्या इंजिनाचे, किती वेळा ताणले गेले ते देवाला ठाऊक असलेले बोल्ट, आहेत तसे आवळलेस. टॉर्क रेंचनं? बघ, मान खाली गेली.

पुढं. कॉम्प्रेशन कमी करायला दोन हेड गॅस्केट एकावर एक घातलेस. ही अक्कल कुठून आणलीस? हे इंजिन साधारण साडेनऊ कॉम्प्रेशनचं, टर्बोसाठी ते जरा जास्त, हे खरं. बीएमडब्ल्यूनं १९७३ साली २००२ टर्बो काढली तेव्हा कॉम्प्रेशन ६.९ पर्यंत खाली आणलं होतं. पण ते माथ्याला खोलगट वाटी असलेले पिस्टन घालून आणायचं असतं. हेडचा सपाट भाग आणि पिस्टनची कड यांच्यातली फट जेमतेम मिलिमीटरभर असते. पिस्टन वर येताना त्या फटीतलं मिश्रण जोरात आत ढकललं जातं, घुसळतं, आणि म्हणून झटपट जळतं. कडेला अडकून तापत राहणारा, शेवटी स्वतःहून फुटणारा गॅस तिथं उरत नाही. गॅस्केटवर गॅस्केट चढवून तू ती फट दुप्पट केलीस. कागदावर कॉम्प्रेशन उतरलं आणि डिटोनेशनला जागा करून दिलीस. शिवाय दोन गॅस्केटांच्या मधून दाब निसटायला नवी वाट झाली ती वेगळीच. चार हजारांत भागलं म्हणून सगळ्यांना सांगत होतास.

आता त्या टर्बोकडे ये. जुन्या बाजारातला, लहान डिझेल गाडीतून काढलेला. स्वस्त होता, गरगर फिरत होता, म्हणून घेतलास. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर ओढायला लागलं की एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढं सहज जातो. डिझेलसाठी घडवलेल्या टर्बाइनला ते झेपेलच असं नाही. ते झेपलं असं धरू. पण डिझेल इंजिन चार-साडेचार हजार फेऱ्यांत आपलं काम उरकतं, त्यामुळं त्याचं टर्बाइन हाउसिंग लहान. तू त्याच्यातून ७५०० फेऱ्यांचा पेट्रोलचा धूर ढकलत होतास. वर जागा अपुरी पडली की मॅनिफोल्डमध्ये दाब तुंबतो, जळका गॅस सिलिंडरमध्येच राहतो, पुढच्या मिश्रणाला तापवतो आणि डिटोनेशन आणखी जवळ येतं. म्हणजे ‘टर्बो लहान पडला’ या तुझ्या वाक्यात थोडं तथ्य आहे. पण ते तुला माहीत नव्हतं. तू ऐकलेलं बोलत होतास. आणि मोठा टर्बो म्हणून आत्ता जो दाखवलास, तो पार दुसऱ्या टोकाचा आहे. पाच हजार फेऱ्यांपर्यंत तो जागाच होणार नाही आणि मग एकदम धाडकन ओढेल. समोरच्या चाकांवर चालणारी गाडी, पुढं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल नाही. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून हिसकावून घेईल तेव्हा मला फोन करू नकोस.

आणि बूस्ट किती ठेवलं होतंस? ‘सर, अर्धा बार ठेवायचा होता, पण मीटरवर ०.७ च्या खाली येतच नव्हतं.’ येणार कसं? वेस्टगेटची स्प्रिंग जेवढा दाब धरते त्याच्या खाली बूस्ट येत नाही, वरून कितीही महागडा कंट्रोलर लाव. कंट्रोलर बूस्ट वाढवू शकतो, स्प्रिंगच्या खाली उतरवू शकत नाही. त्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग डिझेलसाठी होती. दोनशे रुपयांचा गेज आणि सायकलचा पंप घेऊन बाकावर तपासता आली असती.

०.७ बार म्हणजे फार नाही असं तुला वाटतं. गणित करू, फळ्यावर एकदा केलं होतं, तू तेव्हा वहीत स्पॉयलरची चित्रं काढत होतास. आत येणारी हवा ३५ अंशांची, कॉम्प्रेसर पासष्ट टक्के कार्यक्षम. बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या वर जाते. तुझा तो टर्बो त्याच्या नकाशाच्या पार कडेला चालत असणार, म्हणजे कार्यक्षमता आणखी कमी आणि हवा आणखी गरम. आणि इंटरकूलर कुठं बसवलास? बॉनेटखाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी, कारण पुढं बसवला असता तर बंपर कापावा लागला असता आणि बंपरचा रंग नवा होता! इंटरकूलरला समोरून गार हवा मिळाली नाही तर तो हवा तापवायचंच काम करतो.

इंधनाचं मात्र मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण माझा संशय तिथं सगळ्यात जास्त आहे.

बलेनोचं इंजिन मुळात ९४ अश्वशक्तीचं. ०.७ बार बूस्ट दिल्यावर ढोबळ हिशेबानं ते १६० च्या आसपास जायला बघतं. तेवढ्या शक्तीला प्रत्येक इंजेक्टरनं मिनिटाला ३०० सीसी तरी दिलं पाहिजे, तेही ऐंशी टक्क्यांवर उघडझाप धरून. मूळ इंजेक्टर त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. तू मोठे घातलेस, ठीक. पंप बदललास, पण वायर जुनीच, पंचवीस वर्षांची, गंजलेल्या टोकांची. पंपाशी व्होल्टेज किती येतं ते मोजलंस? इंजिन पूर्ण ओढत असताना मोजायचं असतं, गाडी उभी असताना नव्हे.

आणि ईसीयूत जो मॅप घातलास तो कुठला? मित्राच्या मित्राकडून आलेली फाइल. गाडी दुसरी, टर्बो दुसरा, गाव दुसरं, आणि मुख्य म्हणजे पेट्रोल दुसरं. ती फाइल केव्हाची आहे, विचारलंस? पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. दहा टक्के इथेनॉलवर ती सुमारे १४.१ होते आणि वीस टक्क्यांवर साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि ईसीयू ती तूट भरून काढतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडलास की सहसा तो मॅपमधल्या आकड्यांवरच चालतो. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप, नवं पेट्रोल, आणि नेमका पूर्ण बूस्टच्या क्षणी इंजिनाला उपास.

‘पण सर, मीटरवर १२.३ दिसत होतं.’ तो मीटर बहुतेक आत लॅम्डा मोजतो आणि १४.७ नं गुणून आकडा दाखवतो. टाकीत काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणून मी वर्गात घसा फोडून सांगत होतो की आकडा लॅम्डात वाच. बूस्टवर ०.८ च्या आसपास ठेव, मग पेट्रोलमध्ये काहीही मिसळलेलं असो. तुझं १२.३ म्हणजे लॅम्डा ०.८४ च्या जवळ. साध्या इंजिनाला ते बरं. पण गरम हवा, दुप्पट झालेली फट आणि कुणाच्या तरी फाइलमधलं इग्निशन या सगळ्यांच्या जोडीला ते पातळ आहे. नॉक सेन्सरचं तर नावच काढू नकोस, तू तो वायरिंग करताना वगळलास. साबनं पेर गिलब्रांडच्या हाताखाली एपीसी नावाची व्यवस्था बांधली ती नेमकी याचसाठी: नॉक ऐकू आला की बूस्ट आपोआप खाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे रस्त्यावरच्या गाडीत आलं. तू आज, एवढी साधनं हाताशी असताना, इंजिनाचे कान कापून ठेवलेस.

आता तू म्हणणार, पाणी-मेथॅनॉलचा फवारा बसवतो, म्हणजे प्रश्न मिटला. तुझ्या खरेदीच्या यादीत मी बघितला तो किट. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची गाडी काढली. टर्बो लावलेली, आणि कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलेलं. नॉक होऊ नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉलची वेगळी टाकी दिली. टाकी रिकामी झाली की बूस्ट रोखायची व्यवस्थाही होती. कंपनीचे इंजिनीअर काही तुझ्या-माझ्यापेक्षा कमी नव्हते. पण लोक टाकी भरायला विसरायचे, गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे, आणि शेवटी कंपनीनं बऱ्याच गाड्यांवरचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. फवारा वाईट नाही. पण तो आहे म्हणून बाकीचं चुकीचं ठेवायचं असेल, तर ज्या दिवशी नळी तुंबेल त्या दिवशी इंजिन जाईल. आधी फवाऱ्याशिवाय इंजिन तगलं पाहिजे. तगलं की मग लाव, हवा तर दोन लाव.

ब्लॉक बोअरिंगला दिलास उद्यमनगरात. तिथले लोक हाताला गुण असलेले आहेत. कोल्हापूरच्या त्या गल्ल्यांत ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टरपर्यंत काय काय घडलं आणि दुरुस्त झालं ते मी तुला नव्यानं सांगायला नको. पण तू त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना काय म्हणालास, ते माझ्या कानावर आलंय. ‘काका, संध्याकाळपर्यंत द्या, रविवारी गाडी पळवायची आहे.’ त्यांनी पिस्टन मागितले, तेव्हा म्हणालास, पिस्टन कुरिअरनं येतायत, तुम्ही अर्ध्या मिलिमीटरनं बोअर करून ठेवा. पिस्टन हातात नसताना बोअर कुणी करून ठेवतं का? प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्यात किती फट लागते ते पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर वाचायचं, मग होनिंगचा शेवटचा हात. फोर्ज्ड पिस्टन तापला की कास्टपेक्षा जास्त फुगतो, त्याला फट जास्त ठेवावी लागते. थंड असताना थोडा खडखडतो, तो खडखडू द्यावा. तू कास्टचं माप देऊन फोर्ज्ड घातलेस. आणि मिस्त्रींनी विचारलं, ‘डमी हेड लावून होन करू का?’ तर तू हसलास. ॲल्युमिनियमचा ब्लॉक हेडचे बोल्ट आवळले की दंडगोल राहत नाही, किंचित वाकडा होतो. म्हणून त्याच टॉर्कला जाड प्लेट आवळून, तशा ताणाखालीच होन करायचं असतं. तुझ्यापेक्षा त्या मिस्त्रींना टर्बोचं कमी माहीत असेल, पण ब्लॉक त्यांना तुझ्या दसपट कळतो. जाऊन त्यांची माफी माग. नुसतं फोनवर नको.

रिंगा पाकिटातून काढल्यास आणि तशाच चढवल्यास, ना? ७५ च्या बोअरला बूस्टवर पहिल्या रिंगेचा गॅप ०.४० मिलिमीटरच्या आसपास हवा, साध्या इंजिनापेक्षा चांगला जास्त. नक्की किती, ते रिंगांसोबतच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद तू वाचला नाहीस, गाडीच्या डॅशबोर्डवर सापडला मला, चहाचा डाग पडलेला. फीलर गेज तुझ्या पेटीत आहे. मीच दिला होता.

तेलाचं थोडक्यात. टर्बोतून धूर येत होता म्हणून सील गेलं म्हणालास. तेलाची परतीची नळी मी पाहिली: बारीक, मध्ये वर चढून मग खाली येणारी आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीखाली घुसवलेली. टर्बोतलं तेल दाबानं येतं पण नुसत्या वजनानं परत जातं. त्याला जाड, सरळ उतरती नळी लागते, आणि ती पातळीच्या वर उघडली पाहिजे. सील बिचारं बरं होतं. ब्रीदरवर बोल्ट ठोकून तो बंद केलास, म्हणून डिपस्टिक उडाली. क्रँककेसमधली वाफ कुठंतरी जायला हवी. कॅच कॅन लाव. तीच तेलकट वाफ इंटेकमध्ये गेली तर पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो आणि आपण परत नॉकवरच येतो.

शर्यत म्हणतोस. कसली? ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, की चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर लॅपमागून लॅप? दोन्हीसाठी गाडी वेगळी बांधतात, हा विचार तू केलाच नाहीस. धावपट्टीवर पंधरा-सोळा सेकंदांत काम संपतं, इंजिन तापायच्या आत. ट्रॅकवर तेच इंजिन वीस मिनिटं पूर्ण ओढत राहतं. तिथं रेडिएटर, ऑइल कूलर, चेंबरमध्ये तेल एका बाजूला पळू नये म्हणून आडव्या पट्ट्या, आणि ब्रेक. एस्टीमचे मागचे ड्रम तसेच आहेत. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. तुझ्या यादीत टर्बो आहे, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आहे, तो कशाला तर आवाजाला, आणि ब्रेक पॅड नाहीत. रोल केज नाही. हार्नेस नाही. अग्निशामक नाही. गरम टर्बोवर तेलाची नळी सुटली तर आग लागायला किती वेळ लागतो असं तुला वाटतं?

करिवर्धन यांचं नाव ऐकलंयस? कोइम्बतूरचे. त्यांनी मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी बांधली. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीत झाली आणि २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला. त्या इंजिनाची ताकद तुझ्या बलेनोच्या निम्मीही नव्हती. पण त्या गाडीत पोरं ब्रेक कुठं दाबायचा ते शिकली.

आता शेवटची गोष्ट, आणि या बाबतीत मी तुझं काहीही ऐकून घेणार नाही. ट्यूनिंगसाठी तू ही गाडी रात्री महामार्गावर, कागलच्या बाजूला पळवतोस. नाकारू नकोस, तुझ्याच मित्रानं सांगितलं. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर ऊसतोडीची माणसं आणि त्यांची लेकरं. तू १४० च्या वेगानं लॅम्डाचा आकडा बघत येणार आणि तुझे ब्रेक मूळ १.३ चे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तुला माहीत आहे: नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. इंजिनाचा नंबर आरसी बुकात नाही, टर्बोचा तर प्रश्नच नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात झटकेल आणि वडिलांचं शेत विकावं लागेल. पण ते दुय्यम आहे. त्या ट्रॉलीवरच्या बाईनं तुझं काय घोडं मारलंय?

म्हणून ऐक. टर्बोची ऑर्डर आजच रद्द कर, माझ्यासमोर फोन लाव. त्या पैशांतून नॉक सेन्सर, रॉडचे बोल्ट, हेडचे स्टड, एकच चांगलं गॅस्केट, आणि बोअर मोजून त्याच्या हिशेबानं वाटीचे पिस्टन. उरले तर ब्रेक. हेल्मेट आणि हार्नेस उरलेल्या पैशांतून घ्यायचे नाहीत, ते आधी. वेस्टगेटला अर्ध्या बारची स्प्रिंग, लिमिटर ६५०० वर, आणि मॅप डायनोवर, आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर, जो माणूस गाडीशेजारी उभा राहील त्याच्याकडून. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स काढ आणि पळवायची ती फक्त बंद ट्रॅकवर. तोपर्यंत गाडी इथं आणायची ती टेम्पोवर घालून.

जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणलंस ना, ते न उघडता बसवायचा बेत आहे तुझा, मला कळतं. सोमवारी सकाळी आठला ते इथं या टेबलावर पाहिजे. हेड तू उतरवायचंस, मापं तू घ्यायचीस, वहीत तू लिहायचीस, आणि एकही आकडा ‘साधारण’ म्हणून लिहिलास तर ती वही मी फाडीन. तुझ्या मोटरस्पोर्ट क्लबच्या अर्जावर माझी सही हवी आहे ना? सगळी मापं लिहून, तपासून होईपर्यंत ती मिळणार नाही.